विंगेतली पेटी: नवख्या रंगमंच व्यवस्थापकाने काय विकत घ्यावे

पावसाळा लागला की महाविद्यालयांमध्ये एकांकिका स्पर्धांच्या तालमींना सुरुवात होते आणि प्रत्येक संघात, भूमिका न मिळालेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या गळ्यात रंगमंच व्यवस्था पडते. काम अंगावर आल्यावर ‘काय काय आणायचं?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याला मिळणारे उत्तर बहुधा ‘टेप, टॉर्च, सुतळी, लागेल ते’ एवढेच असते. संघाची वर्गणी तुटपुंजी असल्यामुळे चुकीच्या वस्तूवर गेलेला पैसा मग दुसऱ्या वस्तूसाठी उरत नाही. म्हणून विंगेतल्या पेटीत जाणाऱ्या टेप, अंधारात चमकणारी ग्लो टेप, डोक्याला बांधायचा दिवा, संहितेची फाइल, वॉकी-टॉकी, स्टॉपवॉच आणि संगीत वाजवण्याची संगणकप्रणाली या वस्तूंचे येथे परीक्षण केले आहे. वस्तू ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार असताना, आवाज न करता हाताळता आली पाहिजे आणि ती आणणारा विद्यार्थी प्रयोगाच्या दिवशी तापाने घरी पडला असला, तरी दुसऱ्या कोणालाही ती पाहताच वापरता आली पाहिजे, या कसोटीवर ही पारख आहे. महागडी वस्तू कित्येकदा या दुसऱ्या अटीवरच नापास होते.

सर्वात आधी टेप, कारण पैसा सर्वाधिक येथेच वाया जातो. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात गॅफर टेप मागितली की पुष्कळदा समोर डक्ट टेप येते आणि दोन्ही कापडी असल्यामुळे नवख्याला फरक कळत नाही. डक्ट टेपच्या कापडावर पॉलिथिनचा थर असतो, त्यामुळे ती प्रकाशात चकाकते आणि काढल्यावर तिचा चिकटा लाकडावर राहतो. तो चिकटा धूळ धरतो आणि पुढच्या संघाच्या पायाखाली येतो. गॅफर टेपचे कापड सुती असते, तिला चकाकी नसते, ती हाताने सरळ रेषेत फाटते आणि वेळेत काढली तर सहसा डाग ठेवत नाही. (अमेरिकेतील रॉस लोवेल यांनी १९५९ च्या सुमारास ही टेप सिद्ध केली ती चित्रीकरणाच्या वेळी दिवे तात्पुरते चिकटवून ठेवण्यासाठी, जमिनीवरच्या वायरी हा तिचा नंतरचा संसार.) दुकानात तीन गोष्टी करून पाहाव्यात. वीतभर तुकडा कात्रीशिवाय फाडून पाहावा. त्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून चकाकी दिसते का ते पाहावे. आणि दुकानदार परवानगी देत असेल तर लाकडी फळीवर चिकटवून, दाबून, लगेच सोलून बोट फिरवावे. तिसऱ्या परीक्षेत देशी कापडी टेपपैकी बऱ्याच नापास होतात, काही मात्र बऱ्या निघतात, म्हणून केवळ आयात केलेली आहे एवढ्यावरून निर्णय घेऊ नये.

आयात केलेल्या टेपांमध्ये ‘प्रो गॅफ’चा ४८ मिलिमीटर रुंदीचा आणि सुमारे ५० मीटर लांबीचा काळा रोल जगभरच्या नाट्यगृहांत चालतो. तो साध्या कापडी टेपच्या कित्येक पट महाग पडतो, तरी एका संघाने स्पर्धांच्या मोसमात असा एक रोल घ्यावा आणि तो फक्त नाट्यगृहात काढावा, असे माझे मत आहे. तालमीच्या खोलीत तो वापरणे ही उधळपट्टी होय. तेथे मास्किंग टेप पुरते. वायर चिकटवताना आडव्या पट्ट्यांवर भागवू नये, कारण दोन पट्ट्यांच्या मधली मोकळी वायरच पायात येते. आडवे छोटे तुकडे वायर जागेवर धरण्यापुरते लावावेत आणि नंतर वायर मध्यभागी येईल अशा बेताने लांबीच्या दिशेने सलग टेप ओढावी. पट्टीचे शेवटचे टोक बोटभर दुमडून शेंडी ठेवली की प्रयोगानंतर नखाने कोरत बसावे लागत नाही. पावसाळ्यात रंगमंचाची फळी दमट असते आणि तिच्यावर धूळही असते, तेव्हा कोरड्या फडक्याने जागा पुसल्याशिवाय कोणतीच टेप धरणार नाही. फळीला नुकताच काळा रंग दिलेला असेल तर चांगली टेपही रंगाची साल काढते. म्हणून आधी कोपऱ्यात तुकडा लावून पाहावा आणि नाट्यगृहाच्या कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय जमिनीला हात लावू नये. ही विचारपूस शिष्टाचाराचा भाग आहेच, शिवाय कोणती फळी हलते आणि कोणत्या विंगेत खिळा वर आला आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

सोफा, टेबल, ठोकळे यांच्या जागांच्या खुणांसाठी परदेशात बारीक, रंगीत ‘स्पाइक टेप’ मिळते. आपल्याकडे तिच्यावर पैसे घालण्याची गरज नाही. इलेक्ट्रिशियनकडची पीव्हीसी इन्सुलेशन टेप लाल, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी अशा रंगांत मिळते, स्वस्त असते आणि लांबीत चिरली की हव्या त्या रुंदीची होते. तिचा एकच दुर्गुण लक्षात ठेवावा: ताणून लावली तर ती हळूहळू आकसते आणि टोके उचलली जातात, म्हणून रोलमधून आधी सोडवून घेऊन मग न ओढता जमिनीवर ठेवावी. दिव्यांच्या उष्णतेखाली ती दिवसेंदिवस राहिली तर चिकटा सोडते, पण एका दिवसाच्या प्रयोगाला हा दोष आड येत नाही. प्रत्येक प्रवेशाला एक रंग द्यावा, तरीही केवळ रंगावर विसंबू नये. निळ्या प्रकाशात लाल खूण काळी दिसते आणि लाल प्रकाशात लाल व पांढरी वेगळी ओळखू येत नाही; म्हणून प्रत्येक खुणेवर मार्करने प्रवेशाचा आकडा लिहावा. सोफ्याच्या चारही पायांना खुणा करण्याचे कारण नाही. प्रेक्षकांपासून दूरच्या, मागच्या दोन पायांना काटकोनी खुणा केल्या की सोफा बरोबर बसतो आणि पहिल्या रांगेला जमीन रंगीबेरंगी दिसत नाही.

खुणा करण्याआधी मापे लागतात, म्हणून सुताराच्या पाच मीटरच्या टेपखेरीज फायबरग्लासची ३० मीटरची मापनफीत घ्यावी. शक्य असेल तर दोन. एकीचे टोक दर्शनी कमानीच्या डाव्या कोपऱ्याला आणि दुसरीचे उजव्या कोपऱ्याला धरून दोन्ही मापे जेथे मिळतात तेथे बिंदू काढला, तर काटकोन साधण्याची खटपट उरत नाही. तालमीच्या खोलीत नेपथ्याची आखणी जमिनीवर उतरवताना हीच रीत सर्वात कमी चुकते. नकाशा अर्धा इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात काढावा, कारण आपले सुतार अजून फुटांतच बोलतात. दौऱ्यावर किंवा स्पर्धेच्या पुढच्या फेरीत नाट्यगृह बदलते, कमानीची रुंदी बदलते, विंगांची खोली बदलते. त्या वेळी दोन्ही कडांपासूनची मापे निरुपयोगी ठरतात. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा मध्यरेषेपासून किती आणि पडद्याच्या रेषेपासून किती, अशा दोन आकड्यांनी वहीत टिपून ठेवावी. नवीन रंगमंच अरुंद निघाला तर मध्यरेषा तशीच ठेवून बाजूची मापे आत घेता येतात, आणि नटांच्या पायांना सवय झालेली अंतरे पार मोडत नाहीत.

ग्लो टेप विकत घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा. जुन्या प्रकारची पट्टी झिंक सल्फाइडची असते आणि तिची चमक काही मिनिटांतच मंदावते. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पट्टी अधिक तेजस्वी असते आणि तिची अंधुक चमक कितीतरी अधिक काळ टिकते. पाकिटावर काहीच लिहिलेले नसेल तर मोबाइलच्या टॉर्चखाली पट्टी धरून ती पिशवीत झाकावी, चहा पिऊन यावे आणि मग पाहावे. ही पट्टी स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, घेतलेला प्रकाश परत देते, ही साधी गोष्ट विसरल्यामुळे अनेक संघ तिला दोष देतात. पांढरा आणि निळसर प्रकाश तिला भरतो, तांबड्याने ती जवळपास भरत नाही, आणि विंगेतल्या पायऱ्यांवर तर कोणताच प्रकाश पडत नसतो. दुसरी घंटा झाली की एका नेमलेल्या व्यक्तीने पांढरा टॉर्च घेऊन प्रत्येक तुकड्यावर काही क्षण धरत फेरी मारावी आणि मध्यंतरात ती पुन्हा मारावी. तुकडे नखाएवढेच असावेत आणि ते पायरीची कड, लेव्हलचा (रंगमंचावरच्या चौथऱ्याचा) कोपरा, फ्लॅटला (नेपथ्याच्या उभ्या भिंतीला) मागून टेकू देणाऱ्या ब्रेसचा पाय अशा ठेच लागणाऱ्या जागी लावावेत. हौसेने सगळीकडे लावलेली पट्टी ब्लॅकआउटमध्ये बाल्कनीतून दिवाळीची आरास दिसते. मानवी डोळ्याला पूर्ण अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. व्यवस्थापक प्रयोगभर विंगेतल्या अंधारात असतो, पण झगझगीत प्रकाशातून आत येणारा नट त्या क्षणी जवळजवळ आंधळा असतो. त्यामुळे पट्ट्या पुरेशा आहेत की नाहीत हे व्यवस्थापकाने आपल्या डोळ्यांनी ठरवू नये; रंगीत तालमीत नटांना चालायला लावून ठरवावे.

डोक्याला बांधायचा दिवा हातातल्या टॉर्चपेक्षा निश्चितच सरस आहे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. लाल प्रकाशाची सोय असलेला घ्यावा; मंद लाल प्रकाशाने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. मात्र बाजारातल्या बऱ्याच स्वस्त दिव्यांना एकच बटण असते आणि लाल प्रकाशाकडे जाताना वाटेत पांढरा लागतो. शोकप्रसंगाच्या ब्लॅकआउटमध्ये विंगेतून असा पांढरा झोत मारल्यावर प्रेक्षागृहातून काय आवाज येतो, ते ऐकण्यासाठी एवढे पैसे खर्च करू नयेत. बटण दाबताच थेट लाल लागत असेल तरच तो दिवा घ्यावा. तसा मिळाला नाही तर साध्या टॉर्चवर प्रकाशयोजनाकाराकडचा निळ्या जिलेटीनचा (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक पानाचा) कपटा दुहेरी लावला तरी काम भागते. लाल प्रकाशात लाल शाईने लिहिलेले दिसत नाही आणि निळ्यात निळी शाई फिकी पडते, ही अडचण बहुतेकांना प्रयोगाच्या वेळीच कळते. संहितेवरच्या सर्व नोंदी गडद पेन्सिलीने करणे हाच तिच्यावरचा स्वस्त आणि संपूर्ण उपाय आहे, आणि दिग्दर्शकाने मत बदलले की पेन्सिल खोडताही येते.

येथून संहितेच्या प्रतीकडे वळतो. पेटीतल्या सगळ्या वस्तूंमध्ये ही सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाची आहे, तरी विद्यार्थी संघांमध्ये तिची सर्वाधिक हेळसांड होते. स्पायरल बांधणी करू नये, कारण तालमीत पाने बदलतात. दोन भोकांची जाड बॉक्स फाइल घ्यावी आणि संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्यावी, म्हणजे समोरचे कोरे पान नोंदींना मिळते. मराठी रंगभूमीवर प्रकाश आणि संगीत चालवणारे बहुधा प्रयोग डोळ्यांनी पाहत आपापले बदल घेतात. व्यवस्थापकाने प्रत्येक बदल हेडसेटवरून पुकारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास नाही. त्यामुळे अशा प्रतीची गरजच काय, असे विचारले जाते. संगीत वाजवणाऱ्या मुलाची परीक्षा प्रयोगाच्या दिवशीच आली आणि त्याच्या जागी दुसरा बसला, की गरज कळते. नोंद ‘दार उघडल्यावर लाइट’ अशी मोघम नसावी. ‘कोण आलंय एवढ्या रात्री?’ या वाक्यातल्या ‘रात्री’ या शब्दाखाली रेघ ओढून ती समोरच्या पानावर न्यावी आणि तेथे ‘लाइट १४, मागचा निळा, पाच आकडे मोजत’ असे लिहावे; त्याच्या अर्धे पान आधी ‘लाइट १४ तयार’ अशी पूर्वसूचना असावी. चौदा आणि पंधराच्या मध्ये नवा बदल आला तर त्याला साडेचौदा म्हणावे, पुढचे सगळे आकडे बदलू नयेत, कारण प्रकाश आणि संगीत चालवणाऱ्यांच्या कागदांवर जुनेच आकडे असतात. पुढे जाऊन इंग्रजी पद्धतीने काम करणाऱ्या संस्थेत जाण्याचा विचार असेल त्यांनी ‘स्टँडबाय’ आणि ‘गो’ या दोन पुकाऱ्यांची शिस्त आतापासून अंगी बाणवावी: आकडा आधी, ‘गो’ सर्वात शेवटी, आणि प्रयोग चालू असताना हेडसेटवर तो शब्द दुसऱ्या कोणत्याही वाक्यात उच्चारायचा नाही.

संपर्कासाठी तारेचा इंटरकॉम सर्वोत्तम. ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्याकडे विचारणा केली तर मिळू शकतो. वॉकी-टॉकीबद्दलचे मत मध्यम. एका वेळी एकच बोलू शकतो, बटण दाबल्याशिवाय आवाज जात नाही, आणि कानातली वायर नसेल तर विंगेतली खरखर पहिल्या रांगेत पोहोचते. घ्यायचेच असतील तर परवाना न लागणाऱ्या ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले, कमी शक्तीचे आहेत याची खात्री करावी. ऑनलाइन स्वस्त मिळणारे सगळेच तसे नसतात. मोबाइलवरच्या ग्रुप कॉलची शिफारस करता येत नाही. आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि हा उशीर गप्पांमध्ये जाणवत नसला तरी ब्लॅकआउटच्या क्षणी जाणवतो. शिवाय ध्वनियंत्रणेजवळचा फोन स्पीकरमधून गुरगुर काढू शकतो. यापेक्षा कोपऱ्यात लावलेले दोन छोटे दिवे चांगले: लाल लागला की तयार, हिरवा लागला की जा. कमी व्होल्टेजचे एलईडी आणि लांब वायर घेऊन इलेक्ट्रिकलची जाण असलेली व्यक्ती ते करून देते आणि त्यांना भाषा, रेंज, चार्जिंग यांपैकी काहीही लागत नाही.

संगीत वाजवण्यासाठी ‘क्यूलॅब’ ही प्रणाली उत्तम आहे, पण ती फक्त मॅक संगणकावर चालते, आणि आपल्या संघांत हीच तिची खरी किंमत ठरते. विनामूल्य आवृत्तीत स्टिरिओ आवाज मिळतो आणि तेवढा एकांकिकेला पुरतो. स्पेस बार दाबला की पुढचा संकेत सुरू होतो, एस्केप दाबला की चालू आवाज ओसरत बंद होतो, आणि प्रयोगासाठीच्या ‘शो मोड’मध्ये चुकून काही बदलले जात नाही, नवख्याच्या हाती द्यायला एवढे सोपे साधन क्वचितच सापडेल. मॅक नसेल तर साधा व्हीएलसी प्लेयर घ्यावा, मात्र एक फाइल संपताच पुढची आपोआप सुरू होऊ न देणारी सोय आधी चालू करावी. फाइलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे आकडे घालावेत, सुरुवातीची निःशब्द जागा कापून टाकावी, आणि लॅपटॉपवरचे इंटरनेट व सर्व सूचना बंद कराव्यात. संगीताच्या लॅपटॉपवरून व्हॉट्सॲपची ‘टिंग’ वाजल्याचे प्रसंग स्पर्धांना नेमाने जाणाऱ्या प्रेक्षकांना नवीन नाहीत.

स्टॉपवॉच स्वतंत्र आणि साधेच घ्यावे, मोबाइलमधले नको. वेळेची मर्यादा ओलांडल्यावर गुण कापले जाण्याची धास्ती प्रत्येक संघाला असते. पण शेवटच्या तालमीत एकूण वेळ मोजून ती जात नाही. प्रत्येक तालमीत प्रत्येक प्रवेशाची वेळ वेगळी टिपली तरच नाटक कोठे सुजते आहे ते दिसते, आणि बहुतेक वेळा ते संवादांत सुजत नसून नेपथ्य बदलण्याच्या अंधारात सुजत असते. वेळेच्या पुकाऱ्यांबाबत ब्रिटिश रंगभूमीची रीत अभ्यासण्यासारखी आहे: तेथे ‘हाफ’ची, म्हणजे अर्ध्या तासाची, सूचना पडदा उघडण्याच्या तीस नव्हे, ३५ मिनिटे आधी दिली जाते, कारण सर्व गणित पडद्यापासून न करता नटांनी जागा घेण्याच्या क्षणापासून, म्हणजे पाच मिनिटे आधीपासून, उलटे केलेले असते. आपल्या तिसऱ्या घंटेचेही असेच मागे मोजलेले वेळापत्रक करून रंगपटात चिकटवावे.

उरलेल्या वस्तूंबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सेफ्टी पिना, काळा-पांढरा दोरा आणि सुई, खडू, मार्कर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सुतळी, जखमेच्या पट्ट्या आणि नेपथ्य हलवणाऱ्यांसाठी सुती हातमोजे पेटीत असावेत. ऑनलाइन मिळणारे तयार ‘स्टेज मॅनेजर किट’ घेऊ नये. त्यातल्या अर्ध्या वस्तू घरात असतात आणि टेप निकृष्ट असते. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नट प्रयोगात हाताळतात त्या वस्तूंच्या, टेबलासाठी मात्र पांढऱ्या कागदाचा मोठा ताव आवर्जून घ्यावा. त्यावर प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती रेघ ओढावी, आत नाव लिहावे, आणि प्रयोगापूर्वी रिकामी दिसणारी आकृती शोधावी. मोबाइलमधल्या कोणत्याही यादीपेक्षा हे लवकर होते आणि विंगेतून धावत आलेला नटही पत्राची जागा विचारत बसत नाही.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत करावी. इन्सुलेशन टेप, वायर, एलईडी, मापनफीत असा माल तेथे किंवा आसपासच्या हार्डवेअरच्या दुकानांत एका फेरीत मिळतो, तर गॅफर आणि ग्लो टेप बहुधा ऑनलाइन किंवा चित्रीकरणाचे साहित्य विकणाऱ्यांकडे मागवावी लागते. त्या मागवण्यात दिवस जातात, म्हणून प्रयोगाच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. टेपचे रोल आडवे, कोरड्या डब्यात ठेवावेत. उन्हात तापलेल्या टेम्पोत किंवा दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या रोलचा चिकटा कडेने बाहेर येतो आणि मग चांगली टेपही डाग ठेवू लागते. पेटीच्या झाकणाला आतून वस्तूंची यादी चिकटवावी आणि प्रत्येक प्रयोगानंतर काय संपले ते तिच्यावरच पेन्सिलीने लिहावे, म्हणजे पुढच्या फेरीआधी दुकानात जाणाऱ्याला वेगळा फोन करावा लागत नाही.